अब्बांच्या दातांचं भूत

शाळेत मी मराठी शिकवायचे. मुलींना, आणि बहुतेक सहकाऱ्यांनाही, वाटायचं की बाई घरी गेल्यावर अभंग गुणगुणत निबंध तपासत असतील. निबंध तपासायचे हे खरं, पण समोर टीव्हीवर एखादी पांढरी साडी, मोकळे केस आणि रबरी नखं चालू असायची. मला भुताचे सिनेमे आवडतात. चांगले, खर्चिक सिनेमे नव्हेत. त्यांची मला खरोखर भीती वाटते, म्हणून मी ते बघत नाही. मला आवडतात ते गरीब सिनेमे. ज्यांत वटवाघळाची दोरी दिसते, दार आपटलं की हवेलीची भिंत हलते आणि रक्त बघून गुलाबाच्या सरबताची आठवण होते. त्यांची नावं पत्ते पिसल्यासारखी तीच-तीच असतात, हवेली, रात, खून, पुन्हा हवेली. लोकांना त्यांची गंमत वाटते कारण सगळं खोटं आहे हे दिसतं. मला त्यांचं अप्रूप वाटतं ते दुसऱ्याच कारणानं. त्यांत मेलेलं माणूस परत येतं, आणि परत येणं ही फार अवघड गोष्ट आहे असं कुणी भासवत नाही. थोडा धूर सोडतात आणि ते दारातून आत येतं. असले सिनेमे बघताना मी आजही खिडकीचा पडदा ओढून घेते आणि बेल वाजली की चॅनेल बदलते. ही लाज वयाबरोबर जाईल असं वाटलं होतं, पण ती गेली नाही.

आमचं घर क्रांती चौकाच्या अलीकडच्या एका गल्लीत होतं. पुढची खोली म्हणजे अब्बांचं दुकान, मागं आम्ही तिघं. अब्बा दातांच्या कवळ्या बनवायचे. डॉक्टर माप पाठवायचे, अब्बा प्लास्टरचा साचा ओतायचे, त्यावर मेणात एकेक दात बसवायचे आणि मग गुलाबी हिरड्या चढवायचे. फळीवर शहरातल्या कित्येक म्हाताऱ्यांचे जबडे मांडलेले असत. लहानपणी मी त्यांना समोर बसवून शाळा-शाळा खेळायचे आणि बडबड करणाऱ्या जबड्याला उलटा करून ठेवायचे. दिवसभर घासायच्या यंत्राची घरघर चालायची. ती थांबली की अम्मी चहा टाकायची, कारण थांबली म्हणजे अब्बा हात धुवायला उठले. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडांशी मामला, म्हणून असेल कदाचित, पण स्वतःचं उघडं तोंड दाखवायला अब्बा फार लाजायचे. खलियाच्या रश्श्यातलं हाड चोखताना तोंडावर हात. हसताना तोंडावर हात. त्यांचे जे एक-दोन फोटो होते त्यांत ओठ असे मिटलेले की जणू कुणी विचारलेलं गुपित दाबून धरलंय.

मामूंनी जेद्दाहून व्हीसीआर आणला तेव्हापासून शुक्रवारची दुपार भुतांची झाली. नमाज होऊन अब्बा परत आले, खिचडी-खट्टा जेवून झालं की पडदा ओढायचा आणि कोपऱ्यावरच्या बब्बूभाईंच्या लायब्ररीतून आणलेली कॅसेट लावायची. आम्ही घरात दखनी बोलायचो, इथं ती मराठीत लिहिते आहे. अब्बा हिरॉईनकडे बघायचे नाहीत, गोष्टीकडेही नाही. ते फक्त सुळ्यांकडे बघायचे. “हे मेणबत्तीचे आहेत,” ते म्हणायचे. किंवा, “बिचाऱ्याला ओठ मिटता येत नाहीत, माप न घेता बसवलेत.” अम्मी मोठ्यानं हसायची. अम्मीचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि अब्बा म्हणायचे, “हळू. भूत घाबरंल.”

मी कॉलेजात होते त्या वर्षी खुद्द सिनेमावालेच अब्बांकडे आले. दौलताबादच्या पुढं एका पडक्या बागेत त्यांचं शूटिंग होतं, आणि मुंबईहून आणलेले सुळे वाटेत फुटले होते. भुताचं काम करणारा माणूस पहिलवान होता आणि दोन दिवसांनी येणार होता. तोवर नमुना म्हणून अब्बांनी पहिला जोड स्वतःच्याच जबड्याच्या साच्यावर केला. पहिलवान आला, त्याचं माप घेऊन दुसरा जोड झाला. शेवटच्या दिवशी मी अब्बांबरोबर गेले होते. रबरी पाल, धुरासाठी पेटवलेल्या गोवऱ्या आणि झाडाखाली उकडलेली अंडी खात बसलेली हडळ, एवढंच मला आठवतं. फक्त सुळ्यांचा जवळून एक शॉट राहिला होता, आणि पहिलवानाचा ओठ सुजून भज्यासारखा झाला होता. दिग्दर्शकानं इकडंतिकडं बघितलं आणि अब्बांना म्हणाला, “तुमच्या मापाचा एक जोड आहे ना?” अब्बा नाही-नाही म्हणत असतानाच कुणीतरी त्यांच्या हनुवटीला लाल रंग लावला. “हात खाली ठेवा,” दिग्दर्शक सारखा ओरडत होता, कारण अब्बांचा हात आपोआप तोंडाकडे जायचा. शेवटी मी पुढं होऊन त्यांचे दोन्ही हात धरून खाली बसले, कॅमेऱ्याच्या खाली. अब्बांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना हसू आलं. ते खरंखुरं हसू होतं, पूर्ण तोंड उघडून. तेच त्यांनी घेतलं.

सिनेमा कुठं लागला, कधी उतरला, काही कळलं नाही. पुढं बब्बूभाईंकडे त्याची कॅसेट आली, पण अब्बांनी ती घरी येऊ दिली नाही. अम्मीनं किती विनवलं. “मेल्यावर बघ,” ते म्हणायचे आणि हात तोंडावर घेऊन हसायचे. असलं काही बोलू नये, असं त्यांना कुणीच सांगितलं नाही.

अब्बा दुकानातच गेले, यंत्रापुढं बसल्या बसल्या. यंत्र चालूच होतं, म्हणून आत आम्हाला कळलं नाही. घरघर थांबत का नाही, चहा कधी टाकू, असं पुटपुटत अम्मी पुढं गेली.

मग अम्मी इद्दतीत बसली. आमच्यात नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नसतं, नटायचं नसतं. टीव्ही बघू नये असं कुठं लिहिलेलं मला माहीत नाही, पण गल्लीला माहीत होतं. बायका डबे घेऊन यायच्या, कढी, डालचा, शिरा. डबे उघडायचे, वास घ्यायचा आणि झाकायचे, एवढंच आमच्या घरात चालायचं. अम्मी दोन घास खायची ते मला बरं वाटावं म्हणून. बोलणं तर बंदच. दुकानाच्या दाराशी पाठ टेकून ती बसायची, कारण त्या दारातून पूर्वी यंत्राचा हादरा यायचा. तिची कुडती तिच्या अंगावर दुसऱ्याची वाटायला लागली तेव्हा मी घाबरले. अब्बा गेले होते, आणि आता ही माझ्यासमोर बसल्या बसल्या चालली होती. डॉक्टर म्हणाले, दुःख आहे, वेळ लागेल. वेळ आमच्याकडे नव्हता, हे मला तिच्या मनगटाकडे बघून कळत होतं.

ती कॅसेट आणायचं माझ्या डोक्यात कधी आलं ते सांगता येत नाही. आलं तेव्हा मला माझीच शिसारी आली. बाप जाऊन महिना झाला नाही आणि ही पोर भुताच्या सिनेमाचा विचार करते. तरी मी गेले. कुणाचा तरी परत करायचा डबा घेतला, बब्बूभाईंच्या दुकानात त्यात कॅसेट ठेवली, वर फडकं बांधलं. वाटेत भेटलेल्या एका खालांनी डब्याकडे बघून “अल्लाह सब्र दे” म्हटलं आणि मी मान खाली घातली.

दुपारची वेळ होती. मी आवाज अगदी बारीक ठेवला. अम्मी टीव्हीकडे पाठ करून बसली, “बंद कर” एवढं म्हणाली, पण उठली नाही. वटवाघूळ आलं, हवेली हलली. हडळ झाडावरून उतरली आणि मला पाठीमागून बारीकसा आवाज आला. वळून बघते तर अम्मी तिरकी होऊन बघत होती. “तिच्या पायात कॅनव्हासचे बूट आहेत,” ती म्हणाली. इतक्या दिवसांतलं तिचं ते सगळ्यांत मोठं वाक्य. मग अंधार, ढोल, आणि पडदाभर ते तोंड. लाल हनुवटी, लांब सुळे, आणि त्यांच्या मागं अब्बांचे स्वतःचे दात, हसणारे. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी घातलेला होता, पिंपात बोलल्यासारखा. अम्मी उठून टीव्हीपाशी गेली. “थांबव,” म्हणाली. मी पॉझ केलं. चित्र थरथरत थांबलं, वरखाली पांढऱ्या रेघा नाचायला लागल्या. अम्मीनं काचेवर बोट ठेवलं. मला वाटलं, आता ही कोसळेल, आणि हे मी केलं. मग ती म्हणाली, “इतकं हसत होते? कुणाकडे बघून?” मी म्हटलं, माझ्याकडे. ती म्हणाली, “पाठी घे.” संध्याकाळी तिनं स्वतःहून भाकरी मागितली.

त्या दिवसापासून रोज दुपारी तेच. सुरुवातीला सिनेमा पहिल्यापासून लावायचो, नंतर थेट त्या जागेवर जायचो. लावायचं, थांबवायचं, पाठी घ्यायचं. अम्मी जेवायला लागली, दुकानाच्या दारापासून उठली, आणि हडळीचे बूट दिसले की हसायला लागली. हसली की लगेच तोंड दाबायची आणि माझ्याकडे बघायची, आम्ही दोघींनी मिळून काहीतरी चोरल्यासारखं. मग अस्रच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजात ती सजद्यात, कपाळ जमिनीला टेकून, इतका वेळ राहायची की मला धडकी भरायची. माफी मागत असणार, हे मला कळत होतं. मी तर मागायलाही धजत नव्हते. वरच्याला सगळं दिसतं, आमची वटवाघळाची दोरी आणि डब्यातली कॅसेटही दिसत असेल, असं वाटायचं. बायका सांत्वनाला आल्या की म्हणायच्या, बघा, कशी सावरली, नमाजाची बरकत. आम्ही दोघी जमिनीकडे बघायचो. आता नात म्हणते त्यात काय एवढं, पण तेव्हाच्या त्या घरात हसू ही केवढी वाईट गोष्ट होती, ते तिला कसं सांगणार?

मग फुफी आली. अब्बांची थोरली बहीण, गंगापूरजवळच्या खेड्यात दिलेली. आई लवकर गेली म्हणून अब्बांना तिनंच वाढवलं होतं. उसाच्या शेतात आयुष्य गेलेलं, आवाज शेत ओलांडून जाणारा, बोलणं तिकडचं मराठी. ती राहायला आली तेव्हापासून कॅसेट गव्हाच्या डब्यात लपवलेली. एका दुपारी ती कब्रस्तानापलीकडच्या वस्तीत, नात्यातल्या कुणाकडे गेली आणि आम्हाला राहवलं नाही. शेजारची पिठाची गिरणी धडधडत होती, म्हणून मी आवाज वाढवला. हिरॉईननं तोंड उघडलं, आणि नेमकी त्याच वेळी गिरणी थांबली. ती किंकाळी सगळ्या गल्लीनं ऐकली.

पोर विहिरीत पडल्यासारख्या बायका धावल्या. त्यांना वाटलं, अम्मीनं हंबरडा फोडला. इतके दिवस ती रडलीच नाही, आता बांध फुटला म्हणत त्या आत शिरल्या तेव्हा मी टीव्हीवर चादर टाकून उभी होते आणि अम्मीनं ओढणीत तोंड खुपसलेलं होतं. तिचे खांदे गदगदत होते. ती हसत होती. कुणी तिला कवटाळलं, कुणी पाणी आणलं, दोघी-तिघी तिच्याबरोबर रडायलाच लागल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांच्या मागोमाग फुफी आत आली. तिनं अम्मीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सरळ येऊन टीव्हीच्या डोक्यावर हात ठेवला. टीव्ही तापलेला होता.

एका खालांनी चादरीचं टोक उचललं. “ये क्या ढाक के रखे?”

“तिथं हात लावू नका,” फुफी म्हणाली. “माझ्या भावाची चीज हाय ती. जा आता समद्या. तिला पडू द्या जरा.”

बायका गेल्या. फुफीनं कडी लावली आणि वळली.

“मातीत घालून आलो त्याला, अजून माती वाळली नाय. अन् तुम्ही दोघी तमाशा बघताय व्हय गं? दुल्हन, तू हसत व्हतीस. मला नाय कळत व्हय?”

अम्मी उठून उभी राहिली. थोरल्या नणंदेपुढं तिनं कधी मान वर केलेली मी बघितली नव्हती. “हसत होते, आपा,” ती म्हणाली. “तुमचे भाऊ त्यात आहेत. आधी बघा, मग मला काय बोलायचं ते बोला. गावाला सांगायचं तर गावाला सांगा.”

फुफी खाली बसली, पण दातओठ खात. मी सिनेमा लावला. तिनं सांगितलं असतं तर अम्मीला त्या गल्लीत पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं, आणि तो दोष माझा होता.

“हे कोण म्हणायचं?”

“हडळ आहे, फुफी.”

“हडळीला बूट?” फुफी म्हणाली. कुणी हसलं नाही.

मग ते तोंड आलं. फुफी पुढं झुकली. मी थांबवलं नाही, चित्र निघून गेलं. “थांब,” ती म्हणाली. “थांब गं. पाठी घे.” मी घेतलं. रेघांमधून अब्बा हसत थरथरत राहिले. फुफी गुडघ्यांवर सरकत काचेपर्यंत गेली. “हा खालचा दात. वाकडा. वट्यावरनं पडला व्हता तो लहान असताना.” तिनं हातानं काच पुसली. “पडला नव्हता. म्या ढकललं व्हतं. आमच्या आब्बाला सांगितलं, आपोआप पडला. म्हणून तोंडावर हात धरायचा तो, जनमभर. त्या दातापायी. मला ठावं व्हतं अन् म्या कदी त्याला चुकलं माजं म्हणले नाय.”

आम्ही तोवर समजत होतो, अब्बा लाजतात. अम्मीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि फुफी रडायला लागली, तिच्या त्या शेत ओलांडणाऱ्या आवाजात. गल्लीतल्या बायकांनी तेही ऐकलं असेल. या खेपेला कुणी आलं नाही.

नंतर फुफी गंगापूरला जायचं नावच काढेना. इद्दत संपेपर्यंत राहिली. अंबाडीची भाजी करायची, भाकऱ्या थापायची, आणि दुपार झाली की म्हणायची, “लाव गं त्याला.” आम्ही तिघी बसायचो. अम्मीला ते हसणं बघायचं असे, फुफीला तो दात. मी काय बघत होते? मी माझे हात शोधत होते. ते चित्रात नाहीत, पण त्याच्या लगेच खाली आहेत, अब्बांचे हात धरलेले.

इद्दतीचे शेवटचे दिवस होते. मी नेहमीच्या जागी थांबवलं आणि चित्र आलंच नाही. नुसत्या पांढऱ्या रेघा. पुढं-मागं करून बघितलं, फडक्यानं पुसून बघितलं. आधीची हवेली शाबूत, नंतरची धावाधाव शाबूत, मधे रेघा. रोज त्याच जागी थांबवून-थांबवून फीत तिथंच झिजली होती, हे मला बब्बूभाईंनी नंतर समजावलं. पण त्या दुपारी अम्मी म्हणाली, “माझी नजर लागली.” फुफी म्हणाली, “तुझी नाय, माझी. म्या अधाशावानी बघितलं.” बटण तर माझ्या हातात होतं. मी कॅसेट गव्हाच्या डब्यातून काढून बब्बूभाईंना परत केली. दुसरी प्रत त्यांच्याकडे नव्हती. आम्ही तिघींनी एकमेकींना दोष दिला नाही, प्रत्येकीनं आपला वेगळा ठेवला.

फुफी गेली, अम्मी गेली. बब्बूभाईंच्या दुकानाच्या जागी मोबाइलची दुकानं आली. मागच्या महिन्यात माझी नात सना मोबाइल घेऊन आली. “नानी, तुम्हाला असले आवडतात ना? हा बघा, सध्या सगळी पोरं ह्याच्यासाठी वेडी झालीत.” बूट घातलेली हडळ झाडावरून उतरत होती. खालच्या बाजूनं बब्बूभाईंच्या लायब्ररीचं नाव सरकत होतं. कुणीतरी तीच कॅसेट जपून ठेवली होती. मला पुढं बघवेना आणि मोबाइल हातातून सोडवेना. अंधार झाला, ढोल वाजले, आणि रेघा आल्या. पिंपातला तो परका आवाज हसत राहिला.

“इथंच तर खरी मजा आहे,” सना म्हणाली. खाली लोकांनी लिहिलेलं तिनं वाचून दाखवलं. कुणी म्हणत होतं, हा शॉट इतका भयंकर होता की सेन्सॉरनं खरवडून काढला. कुणी म्हणत होतं, तो ज्यांनी बघितला ते वेडे झाले. कुणाच्या काकानं म्हणे थिएटरात बघितला होता आणि काका आठवडाभर जेवला नव्हता.

“तुम्ही बघितलाय, नानी? लई भयानक होता का?”

“नाही गं,” मी म्हटलं. “लई देखणा होता.”

“मग कापला कुणी?”

अम्मीचं बोट आठवलं, काचेवर टेकलेलं. फुफीचे गुडघे आठवले. मी सनाच्या हातातून मोबाइल घेतला आणि त्या रेघांवर थांबवला.

“कापला नाही कुणी,” मी म्हटलं. “आम्ही तिघींनी बघून बघून संपवला.”